पाच नाकं, सहा कार्डं

१

महिन्याचा पहिला रविवार असला की नाकराव दाढी झाल्यावर तोंडाला काही लावत नसत, आणि अंघोळीला साबणही बिनवासाचा घेत. त्या दिवशी दुपारी अडीचला पाच माणसं एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात जमून स्कॉच व्हिस्की चाखत. अत्तर लावून येईल त्याला दारातूनच परत पाठवायचं असा मंडळाचा नियम होता, आणि तो नाकरावांनीच करून घेतला होता.

हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. एरवी ते एका रंगाच्या दुकानात काम करत. गिऱ्हाइकाने पडद्याचा तुकडा आणला की त्याला तंतोतंत जुळणारा रंग कालवून देत. पण सहा वर्षांपूर्वी, मंडळातल्या पहिल्याच दिवशी, त्यांनी ग्लासाला नाक लावून सांगितलं होतं की ही ज्या पिंपात मुरली त्यात आधी शेरी वाइन होती आणि ते पिंप समुद्राजवळ ठेवलेलं होतं. बाटलीवरचा कागद काढून पाहिलं तर अक्षरन् अक्षर खरं. तेव्हापासून ते नाकराव. दुकानात त्यांना कुणी फारसं विचारत नसे, पण इथे त्यांनी ग्लास उचलला की बाकीचे बोलायचे थांबत. हे त्यांना फार आवडायचं.

आणि तेच नाक गेले आठ महिने बंद होतं. आठवडाभर ताप आला, उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. आला नाही. कांदा नाही, कॉफी नाही, दुकानातलं टर्पेंटाइन नाही. नाकरावांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मंडळात ते डोळ्यांवर निभावून नेत: रंगावरून पिंप ओळखायचं, ग्लासाच्या भिंतीवरून ओघळ किती सावकाश उतरतात त्यावरून जोर, आणि वर्णनाला स्वतःच्याच जुन्या वहीतल्या चार ओळी. घरी बायकोने पातेल्यावरचं झाकण उचललं की म्हणायचं, "वा, काय वास सुटलाय!" झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि त्यांनी ती आठ महिने घट्ट झाकून ठेवली होती.

बायको इस्पितळात नर्स होती. त्या रविवारी ती रात्रपाळी करून आली ती सर्दीने बेजार होऊनच. नाक चोंदलेलं, आवाज बसलेला. नाकरावांनी तिच्या छातीला मलम चोळलं, पायांत लोकरीचे मोजे चढवले, आणि साडेचारचा गजर लावून ती आतल्या खोलीत दार लोटून झोपली. निघता निघता त्यांना वाटलं, उठल्यावर हिला गरम दूध बरं पडेल. भांडं शेगडीवर ठेवलं, बुटाच्या नाड्या बांधायला वाकले, आणि दूध उतू गेलं. कळलं ते डोळ्यांना. त्यांनी भांडं उचलून टेबलावर ठेवलं, वर झाकण टाकलं, फडक्याने शेगडी पुसली, घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झालेली पाहिली आणि दार ओढून घेतलं. थंडी होती, म्हणून घराच्या खिडक्या सकाळपासून बंद होत्या.

२

दवाखान्याची बाहेरची खोली म्हणजे मंडळाचा दिवाणखाना. भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात माशांची काचेची टाकी आणि तिच्यातल्या बुडबुड्यांचा अखंड आवाज, समोर दाताच्या उभ्या छेदाचं भलंमोठं चित्र. लवंगेच्या तेलाचा वास जावा म्हणून डॉक्टरीणबाई रविवारी सकाळपासून खिडक्या उघड्या टाकत. आतल्या खोलीत रोग्याची खुर्ची आणि तिच्या बाजूला चूळ टाकायचं बेसिन. अशी सोय दुसऱ्या कुठल्याही मंडळाला नसेल, असं त्या अभिमानाने म्हणत.

बाकीचे तिघे: एक लिफ्टवाले, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे, एक नाकरावांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, जो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा, आणि एक चिटणीस. चिटणिसांनी कोर्टात तीस वर्षं साक्षी उतरवून घेतल्या होत्या आणि त्या वाचून दाखवल्या होत्या. खून असो की भाडेकरूचं भांडण, त्यांचा आवाज हलत नसे.

त्या दिवशी पाच बाटल्या होत्या, तपकिरी कागदात गुंडाळलेल्या. प्रत्येक एकेका पिंपातली, दुसऱ्या पिंपाचा थेंबही न मिसळलेली. असं एक पिंप म्हणजे दोन-अडीचशे बाटल्या. त्या संपल्या की ती चव पुन्हा मिळत नाही. पिंपातलं थोडं दरवर्षी हवेत उडून जातं, त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.

"पितात आणि जातात," लिफ्टवाले दर वेळी म्हणत. "ग्लास विसळायला एक देवदूत थांबत नाही."

पद्धत ठरलेली होती. ओतायचं, हुंगायचं, घोट घ्यायचा, थेंबभर पाणी घालून पुन्हा हुंगायचं, आणि तोंडातून शब्द न काढता कार्डावर लिहायचं. कार्डं दवाखान्याचीच, पुढच्या बाजूला 'आपली पुढची भेट' असं छापून खाली रिकामी जागा, मागची बाजू कोरी. मागे लिहून, नाव न घालता, कार्ड पत्र्याच्या पेटीत टाकायचं. मग चिटणिसांनी वाचायचं आणि कुठलं कुणाचं ते बाकीच्यांनी ओळखायचं.

पहिली व्हिस्की गवती पिवळ्या रंगाची होती. नाकरावांनी रंग पाहिला, वही आठवली, आणि 'पिकलेलं सफरचंद, मेण' असं लिहून मोकळे झाले. चिटणिसांनी पेटी उघडली. सफरचंद नाकरावांचं, हे सगळ्यांनी एका सुरात ओळखलं. मेहुण्याने नेहमीप्रमाणे 'छान' एवढंच लिहिलं होतं.

"'उतू गेलेलं दूध,'" चिटणीस पुढचं कार्ड वाचू लागले. "'करपलेली कड. ओलं फडकं.'"

"वा! काय पकडलंय!" लिफ्टवाले म्हणाले. "कुणाचं हे?"

कुणीच हात वर केला नाही. चिटणिसांनी कार्डं पत्त्यांसारखी मोजली.

"पाच माणसं," ते म्हणाले. "सहा कार्डं."

"कुणीतरी दोनदा लिहिलं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी बाटली उचलली. नाकरावांना घरचं दूध आठवलं खरं. पण व्हिस्की चाखणारी माणसं ओल्या कुत्र्यापासून जुन्या दोरखंडापर्यंत काहीही लिहितात, मग दुधाने काय घोडं मारलंय, असं म्हणून त्यांनी तो विचार झटकला.

३

दुसरी गडद होती, तांब्याच्या रंगाची. नाकरावांनी 'मनुका, जुनं लाकूड' लिहिलं. पुन्हा पेटी, पुन्हा चिटणीस, आणि पुन्हा सहा.

"'सर्दीचं मलम,'" चिटणिसांनी वाचलं. "'लोकरीचे मोजे. झोपलेलं माणूस. तोंडाने श्वास.'"

लिफ्टवाले हसले, पण एकटेच. डॉक्टरीणबाईंनी आपला ग्लास पुन्हा हुंगला आणि मान हलवली. "मलम कुठेच नाही यात. चिटणीस, अक्षर कुणाचं आहे?"

"तुम्हा चौघांची अक्षरं मी ओळखतो," चिटणीस म्हणाले. "हे ओळखीचं नाही."

नाकरावांनी ग्लास खाली ठेवला. भुताखेताचा विचार त्यांना शिवलाही नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्यांना एकदम वाटलं, कुणाला तरी कळलंय. आपल्याला वास येत नाही हे ताडून कुणीतरी आपली मजा करतंय, आपल्याच घरातले वास आपल्यालाच वाचून दाखवतंय. आणि घरातलं माहीत असणारा इथे एकच माणूस होता. चूळ टाकायचं निमित्त करून त्यांनी मेहुण्याला आतल्या खोलीत नेलं.

"तूच ना?"

"काय मीच?"

"कार्ड. मलम, मोजे. ताईने सांगितलं असेल तुला."

"काय सांगितलं असेल, भावोजी?"

"तिला सर्दी झालीये ते."

"ताईला सर्दी झालीये?" मेहुणा म्हणाला. "कधीपासून? बघा, मला कुणी काही सांगत नाही. काल फोनवर बोलली तेव्हा ठणठणीत होती."

मेहुण्याला नाटक करता येत नसे. पत्ते खेळताना चांगलं पान आलं की त्याचे कान लाल व्हायचे, आणि रंगाच्या बाबतीत नाकरावांना कुणी फसवू शकत नव्हतं. त्यांनी कानांकडे नीट पाहिलं. कान नेहमीच्याच रंगाचे होते.

बेसिनमध्ये पाण्याची बारीक धार गोल फिरत होती. बाहेरच्या खोलीत टाकीचे बुडबुडे चालले होते. मलम आपण स्वतः चोळलं, सकाळी दहाच्या सुमाराला, आणि नंतर घरात कुणी आलं नाही, हे नाकरावांनी मनाशी दोनदा घोळवून पाहिलं. सर्दीच्या दिवसांत घरोघरी मलम असतं, मोजे असतात, हेही घोळवून पाहिलं. दुसरं पहिल्यापेक्षा जास्त पटायला हवं होतं, पण पटत नव्हतं.

४

तिसऱ्या व्हिस्कीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी नियम कडक केला. त्यांनी पाच कार्डांच्या कोपऱ्यात एक ते पाच आकडे घातले, एकेक वाटलं, उरलेला गठ्ठा कपाटात ठेवून किल्ली कोटाच्या खिशात टाकली. पेटी उलटी करून सगळ्यांना दाखवली. शाळेत कॉपी पकडावी तसा थाट होता.

"लिहून झालं की पेन्सिल टेबलावर आणि हात मांडीवर," त्या म्हणाल्या. "बघू या आता कोण शहाणा आहे ते."

सगळ्यांनी लिहिलं. या वेळी नाकरावांना वहीतलं काही आठवेना. त्यांनी 'धूर' लिहिलं. एकेक करून पाचही पेन्सिली टेबलावर आडव्या झाल्या. दहा हात मांड्यांवर आले. 

आणि पेन्सिलीचा आवाज चालूच होता.

कोरड्या कार्डावरून शिसं ओढल्याचा तो बारीक, खसखस आवाज. चार-पाच अक्षरांएवढा. मग टिंब दिल्यासारखा एक ठोका. बुडबुड्यांच्या आवाजात तो हरवायला हवा होता, पण हरवला नाही. लिफ्टवाल्यांनी मान वळवून मागच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. मेहुण्याने आपले हात मांडीवरून काढून काखेत घातले.

"टाका पेटीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज दातांच्या रोग्यासारखा झाला होता.

आकडे घातलेली पाच कार्डं निघाली. सहाव्यावर आकडा नव्हता. चिटणिसांनी चष्मा पुसला आणि जसं होतं तसं वाचलं.

"'सडका कोबी. कुजलेली अंडी. दार लोटलेलं. वाढतो आहे.'"

"गंधक," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या. काहीतरी कळण्यासारखं सापडल्याचं त्यांना बरं वाटलं असावं. "शेरीच्या पिंपात कधी कधी गंधक जाळतात, त्याचा वास उतरतो." त्यांनी ग्लास हुंगला. दुसऱ्यांदा हुंगला. "पण यात नाही."

"गंधक कसलं, बाई," लिफ्टवाले म्हणाले. "कोबी आणि अंडी म्हणजे गॅस. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना असा वास आला तर आम्ही दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावत नाही. गॅसला आपला वास नसतो, लोकांना कळावं म्हणून मुद्दाम तसा घालतात."

नाकरावांना आपला हात दिसला. ओलं फडकं धरलेला, शेगडी पुसणारा. दूध उतू गेलं तेव्हा ज्योत विझली होती, कारण पुसताना हाताला आच लागली नव्हती. मग भांडं टेबलावर, झाकण, घड्याळ, दार. त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून आठवलं. फडकं, भांडं, झाकण, घड्याळ, दार. त्यात बटण कुठेच नव्हतं. दुसऱ्या कुणाच्याही नाकाने त्याला तिथेच थांबवलं असतं.

"मला वास येत नाही," नाकराव म्हणाले.

"आम्हालाही नाही येत, यात गंधक नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तसं नाही. मला कशाचाच येत नाही. आठ महिने झाले. मी थापा मारत होतो." हे बोलताना त्यांना लाज वाटायला हवी होती, पण लाजेला जागाच उरली नव्हती. "मी घरी गॅस चालू ठेवून आलोय. खिडक्या बंद आहेत. ती आत झोपलीये आणि तिचं नाक चोंदलंय. साडेचारला उठेल आणि काहीतरी गरम करायला शेगडी पेटवेल."

घड्याळात तीन वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

५

लिफ्टवाले जिन्यापर्यंत धावत सांगत आले. "फोन करू नका तिला, एक ठिणगी पुरते. घंटी वाजवू नका, दिवा लावू नका, लिफ्टने जाऊ नका. आधी बटण बंद, मग खिडक्या." अग्निशमनला फोन लावायचं काम डॉक्टरीणबाईंनी घेतलं. मेहुणा गाडी काढत होता. त्याने व्हिस्की नुसती तोंडात फिरवून चूळ टाकली होती, कारण संध्याकाळी त्याची शिकवणी होती.

गाडी शिकवणीचीच. छतावर 'शिकाऊ' अशी पाटी, आणि डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना पायाखाली ब्रेक. एवढ्या वेगाने जाणारा शिकाऊ पाहून लोक बाजूला होत होते. नाकराव आपल्या बाजूचा ब्रेक चुकून दाबला जाऊ नये म्हणून पाय वर घेऊन बसले होते.

काही नसेल, असं ते स्वतःला सांगत होते. बटण आपण बंद केलं असेल, हात सवयीने करतो, आठवत नाही एवढंच. मग बंब येईल, शेजारी जमतील, मंडळात आपलं नाक कापलं जाईल, आणि बायको महिनाभर चिडवेल. हे सगळं व्हावं म्हणून त्यांनी मनातल्या मनात हात जोडले. आयुष्यात इतक्या मनापासून स्वतःचं हसं व्हावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"खरंच काहीच येत नाही?" मेहुण्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"काहीच नाही."

"मग आठ महिने तुम्ही माझ्या 'छान'ला का हसत होता?"

नाकरावांनी पाय आणखी वर ओढून घेतले. गाडी घरासमोर थांबली.

तीन मजले ते चढून गेले. दारापाशी पोचल्यावर नाकरावांनी खोल श्वास घेतला. थंड हवा आत गेली, बाहेर आली. त्यात काही नव्हतं. स्वतःच्या घराच्या दारात उभं राहून आत बायको जिवंत आहे की नाही हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने फटीशी नाक नेलं, आणि त्याच्या तोंडावरचा रंग नाकरावांच्या डोळ्यांदेखत उतरला, ओठांपासून कानांपर्यंत.

६

नाकरावांनी किल्ली फिरवली. आत सगळं जागच्या जागी होतं. कोट खुंटीला, चपला रांगेत, भिंतीवरचं घड्याळ चार वाजून सात मिनिटांवर. स्वयंपाकघरातून अगदी बारीक सुस्कारा येत होता. बटण बारीकवर होतं. त्यांनी ते फिरवलं आणि सुस्कारा थांबला. मेहुणा तोंडाला रुमाल लावून बाहेरच्या खिडक्या सताड उघडत सुटला होता.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं. पडदे ओढलेले, उजेड राखाडी. दारासमोरच्या कपाटाच्या आरशात पलंग दिसत होता, आणि पलंगाशी कुणीतरी उभं होतं.

ओणवं. दोन्ही हात पाठीमागे, मान खाली, नाक बायकोच्या तोंडापासून वीतभर वर. मंडळात माणूस ग्लासावर झुकतो तसं, कसलीच घाई नसलेलं. कपडे कसले, माणूस की बाई, हे नाकराव नंतर कुणालाच सांगू शकले नाहीत. त्यांना फक्त तो बाक आठवत होता. मग त्याने मान थोडी बाजूला केली, चाखून झाल्यावर करतात तशी. नाकराव आरशाकडून पलंगाकडे वळले. तिथे बायको होती आणि पांघरूण होतं.

त्यांनी पडदे बाजूला सारले, खिडकी उघडली, तिला खांद्यांना धरून हलवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तिने डोळे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग खाली पाहिलं.

"अहो, बूट?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पलंगापर्यंत बूट?"

नाकरावांनी तिला पांघरुणासकट मिठी मारली आणि हमसून हमसून रडू लागले. डोकं भणभणतंय, सोडा मला, असं ती म्हणत होती, आणि त्यांना ती ओरडत होती तेच फार गोड वाटत होतं. मेहुणा दारात उभा राहून "ताई, ताई" एवढंच म्हणत होता.

७

बंबावरची माणसं आली, त्यांनी यंत्राने घराचा कोपरान् कोपरा तपासला, आणखी अर्धा तास गेला असता तर काडी ओढण्याचीच खोटी होती असं सांगितलं, आणि बायकोला दोन तास गच्चीवर बसवून ठेवायला सांगून ती गेली. बायको घोंगडी पांघरून बसली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गॅसचं ऐकलं, कार्डांचं ऐकलं. आठ महिन्यांचं ऐकलं तेव्हा मात्र ती उठून उभी राहिली.

"आठ महिने? मंगळवारी भाजी करपली होती. मी रडकुंडीला आले होते. आणि तुम्ही म्हणालात, वा, काय वास सुटलाय!"

"चुकलो."

"मला वाटलं, बिचारा माझं मन राखतोय!" ती खाली बसली. मग तिने त्यांचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. "नाक गेलं तर गेलं. मला सांगायचं तरी. मी घरात हुंगत फिरले असते तुमच्या वाटचं."

संध्याकाळी ते खाली घरात आले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुधाचं भांडं होतं, पण झाकण बाजूला काढून ठेवलेलं होतं, आणि शेजारी एक पेला होता. रिकामा. आतल्या बाजूला सायीचा तुकडा चिकटलेला. बायको म्हणाली, मी उठलेच नाही. मेहुणा म्हणाला, मी खिडक्याच उघडत होतो. बंबावरच्या कुणा माणसाला तहान लागली असेल, असं नाकरावांनी स्वतःला समजावलं. हेल्मेट घातलेला माणूस गॅस शोधता शोधता दुसऱ्याच्या घरचं दूध ओतून पितोय, हे चित्र काही त्यांच्या डोळ्यांपुढे नीट उभं राहीना.

सातच्या सुमाराला चिटणीस आले. बाई बऱ्या आहेत का, हे त्यांनी दारातच विचारलं, आणि बायको समोर दिसल्यावर त्यांनी टोपी काढून खुर्चीत बसत एवढा मोठा सुस्कारा टाकला की तीस वर्षांचं कोर्ट त्यातून बाहेर पडलं असावं. मग खिशातून एक कार्ड काढलं.

"तुम्ही गेल्यावर आम्ही एकही बाटली उघडली नाही," ते म्हणाले. "चार वाजून वीस मिनिटांनी मी पेटी आवरायला घेतली, तर हे आत होतं. वाचू?"

"वाचा," बायको म्हणाली.

"'थंड हवा,'" चिटणिसांनी वाचलं. "'खिडक्या उघड्या. बाईला जाग. दूध: साय जाड, किंचित करपलेलं. चांगलं.'"

मेहुण्याचे कान पांढरे पडले. कुणीही पेल्याकडे पाहिलं नाही, आणि प्रत्येकाला तो कुठे आहे ते ठाऊक होतं.

"याचा अर्थ काय, चिटणीस?" नाकरावांनी विचारलं.

"मी वाचतो," चिटणीस म्हणाले. "अर्थ लावत नाही." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, टोपी घातली आणि ते गेले.

कार्ड लिहिलेली बाजू वर करून पडलं होतं. दुसऱ्या बाजूला काय छापलेलं असतं ते नाकरावांना ठाऊक होतं. 'आपली पुढची भेट'. तिथे त्या अनोळखी अक्षरात दिवस असेल, वेळ असेल. ज्याने आज दार ओळखलं, पलंग ओळखला, तो परत कशासाठी आणि कुणासाठी येणार? दोन मिनिटं त्यांनी कार्डाला हात लावला नाही. शेवटी बायकोनेच नखाने ते उलटं केलं.

जागा कोरी होती.

नाकरावांनी सोडलेला श्वास मेहुण्याने ऐकला. बायकोने मात्र कार्ड उजेडात धरून नीट पाहिलं, जसं ती रोग्याचा कागद पाहत असेल.

"रात्रपाळीला मी खूप काही बघते," ती म्हणाली. "कुणी जागं करायला आलं होतं, हे मला तेव्हाच वाटलं. कपाळाला गार लागलं होतं. तुमचे हात तर गरम होते." तिने ड्रॉवरमधून पेन्सिल काढली. "ज्याचा वाटा त्याला द्यावा. पेलाभर दूध आपल्याला जड नाही."

"अगं, काय लिहितेस?"

तिने कोऱ्या जागेत लिहिलं, 'महिन्याचा पहिला रविवार, दुपारी', आणि कार्ड शेगडीच्या वर, बटणासमोर चिकटवून टाकलं.

८

पुढच्या महिन्यात नाकराव मंडळात गेले. जायला नको, असं त्यांना वाटत होतं, पण डॉक्टरीणबाईंचा फोन आला की तुमच्यासारखा रंग सांगणारा दुसरा नाही, मुकाट्याने या. निघण्यापूर्वी त्यांनी दूध तापवलं, शेजारी उभं राहून, ते वर येईपर्यंत डोळ्याची पापणी न लववता. बटण बंद केलं. पुन्हा हात लावून पाहिलं. मग टेबलावर पेला ठेवून तो काठोकाठ भरला आणि त्यावर झाकण घातलं नाही.

बायको त्या दिवशी इस्पितळात दिवसपाळीला होती. मेहुणा खाली हॉर्न वाजवत होता. नाकरावांनी दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, आणि दोन पायऱ्या उतरून क्षणभर थांबले. आतून काही आवाज येत नव्हता.

मंडळात पहिल्या व्हिस्कीला त्यांनी लिहिलं, 'मध रंग. वास नाही.' चिटणिसांनी ते वाचलं, आणि सगळे एकदम "नाकराव!" असं ओरडून हसले. नाकरावही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या दुपारी पेटीतून दर वेळी पाचच कार्डं निघाली.

घरी परतल्यावर पेला बघायला स्वयंपाकघरात दोघांनी मिळूनच जायचं, असं बायकोशी ठरलं होतं. म्हणून ते तासभर जिन्यात बसून तिची वाट पाहत राहिले.